पायी चालणाऱ्यांचा रस्ता कोठे आहे?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिराकडे जाणारे सारे रस्ते पायी चालणाऱ्यांचे होतात. आदल्या दिवशी गांधीग्रामला जाऊन पूर्णेचे पाणी कावडीत भरायचे आणि रात्रभर अनवाणी चालत, सुमारे १८ किलोमीटरांची वाट तुडवून ते राजेश्वराला घालायचे, ही अकोलेकरांची जुनी रीत आहे. तिकडे अमरावतीत नवरात्राच्या पहाटे अंबादेवी आणि एकवीरेच्या दर्शनाला माणसांची रीघ लागते, तीही पायीच. शेगावची वारी तर वऱ्हाडातल्या घराघरांत ठाऊक आहे. पाय चालवण्याला हा मुलूख भीत नाही, इतके तरी यावरून मान्य व्हावे.

पण कावड खांद्यावरून उतरली, की दुसऱ्या दिवशी तोच तरुण गल्लीच्या टोकाशी असलेल्या पानठेल्यापर्यंत जाण्यासाठी मोटारसायकलला किक मारतो. मुलाला तीन फर्लांगांवरच्या शाळेत सोडायला स्कूटर निघते, कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायलाही स्कूटरच निघते. या विसंगतीचा उलगडा सहसा ‘लोक आळशी झाले’ या तीन शब्दांत केला जातो. डॉक्टर तसे सांगतात, वडीलधारी मंडळी तसे सुनावतात आणि ऐकणाराही ओशाळून मान डोलावतो. वस्तुतः हा उलगडा फार उथळ आहे. मनुष्य कोणतीही निवड करताना त्या निवडीची किंमत मोजत असतो, आणि ही किंमत नेहमी पैशातच असते असे नाही. धुळीत, उन्हात, कुत्र्यांच्या भीतीत, मागून येणाऱ्या टिप्परच्या भोंग्यात आणि उघड्या नालीत पाय जाण्याच्या धास्तीतही ती चुकवावी लागते. कावडीच्या रात्री नगराने ही किंमत जवळजवळ शून्यावर आणलेली असते. वाहने वळवलेली असतात, मार्गावरचे खड्डे बुजवलेले असतात, पोलीस उभे असतात, ठिकठिकाणी पाणी मिळते. उरलेल्या ३६४ दिवसांत चालण्याला जी किंमत पडते ती आपल्या रस्त्यांच्या आखणीने ठरवलेली आहे. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, की महाग वस्तूची मागणी घटते.

ही घट आता आकड्यांत दिसू लागली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार भारतातील अपुरी शारीरिक हालचाल करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००० साली शेकडा २२ च्या आसपास होते, ते २०२२ साली शेकडा ४९ वर गेले. स्त्रियांत ते शेकडा ५७ आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची सुमारे १३ कोटी ६० लाख सांगितली. या वाढीला आहार, वय, अनुवंश अशी अनेक कारणे आहेत, आणि सगळा दोष रस्त्याच्या माथी मारणे हा दुसऱ्या टोकाचा उथळपणा होईल. तथापि हालचालीची घट हे त्यांपैकी एक प्रमुख कारण आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात वाद उरलेला नाही.

तो वाद मिटवण्याची सुरुवात, मौज अशी, की बसगाडीत झाली. जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांच्या हृदयविकाराची तुलना केली आणि तिचे निष्कर्ष १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांची गाडी एक, मार्ग एक, सामाजिक थर एक. फरक इतकाच, की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे फाडत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढउतार करी. वाहकांत हृदयविकार कमी आढळला, आणि झालाच तर तो उतारवयात आणि सौम्य स्वरूपात. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या वाहकांपैकी कोणी ‘व्यायाम’ करीत नव्हता. तो आपले काम करीत होता आणि आरोग्य त्याला कामाबरोबर फुकट मिळत होते. (आपल्या एस.टी.च्या वाहकाला दुमजली गाडी नाही, पण खचाखच भरलेल्या गाडीत परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत मागे-पुढे करणे हेही काही कमी नव्हे.)

याच न्यायाने एक साधा हिशेब मांडता येतो. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. जिल्हाधिकारी कचेरीतला एखादा लिपिक सव्वा किलोमीटरवर राहत असेल आणि झपझप चालत पंधरा मिनिटांत कचेरी गाठत असेल, तर जाऊन-येऊन रोजची तीस आणि आठवड्याची बरोबर १५० मिनिटे भरतात. त्यासाठी त्याला व्यायामशाळेची वर्गणी भरावी लागत नाही, पहाटे पाचचा गजर लावावा लागत नाही. फक्त घर आणि कचेरी यांच्यामध्ये सव्वा किलोमीटर सलग, निर्धोक चालता येईल अशी जागा हवी. अमरावती आणि अकोला ही काही मुंबई नव्हेत. २०११च्या जनगणनेत एकीची वस्ती साडेसहा लाखांच्या आतबाहेर आणि दुसरीची सव्वाचार लाखांच्या आसपास होती. इथली पुष्कळशी दैनंदिन कामे आजही पायांच्या आवाक्यात आहेत. ती पायी होत नाहीत, यात खरा तोटा आहे.

जुने अमरावती शहर या आवाक्याचेच मोजमाप होते. पेंढाऱ्यांपासून श्रीमंत व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली ज्याच्या बांधकामास सुरुवात झाली, त्या परकोटाचा घेर सुमारे सव्वादोन मैल होता. म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर. तेव्हा या वेशीतून आत शिरलेला माणूस पंधरा-वीस मिनिटांत त्या वेशीतून बाहेर पडे. परकोटाला पाच वेशी होत्या आणि त्यांखेरीज चार खिडक्या. वेशीतून बैलगाड्या जात, खिडकीतून माणूस जाई. भिंत बांधतानासुद्धा पायी जाणाऱ्यासाठी वेगळी, जवळची वाट ठेवावी लागते, हे त्या काळच्या बांधणाऱ्यांना कळत होते. आजच्या सिमेंट रस्त्याच्या दुभाजकाला अर्धा-अर्धा किलोमीटर अशी खिडकी सापडत नाही, आणि मग समोरच्या औषधाच्या दुकानात जाण्यासाठी म्हातारी माणसे दुभाजक ओलांडण्याची कसरत करताना दिसतात.

आता पदपथ म्हणून जे आहे ते पाहू. दोन्ही शहरांत बहुतेक ठिकाणी पदपथ म्हणजे नालीवरचे झाकण. नाली बांधली, तिच्यावर फरश्या टाकल्या, फरश्यांवर गट्टू बसवले, की कागदोपत्री पदपथ झाला. नाली साफ करायची वेळ आली की फरश्या उचलल्या जातात आणि त्या पुन्हा बसतातच असे नाही. गट्टू वर्षभरात खचतात. प्रत्येक घरमालकाने आणि दुकानदाराने आपल्या वाहनासाठी उतार काढलेला असतो, त्यामुळे चालणाऱ्याला दर पंधरा पावलांनी चढ आणि उतार. मध्ये विजेच्या डी.पी.चा पिंजरा, पुढे शुभेच्छाफलकाचे लोखंडी खांब, त्यापुढे दुकानाबाहेर मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शक संहितेत पदपथाची अडथळ्यावाचूनची रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी, असे स्पष्ट म्हटले आहे. हे आकडे लहरीने ठरलेले नाहीत. समोरासमोरून येणाऱ्या दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील इतकी ती रुंदी आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या साठीच्या बाईला चढता येईल इतकी ती उंची आहे. पदपथ फूटभर उंच केला की तो नेटका दिसतो, पण त्यावर चढणारे कमी होतात. ज्यांना चढता येत नाही ते रस्त्यावरूनच चालतात, आणि मग अभियंता म्हणतो, ‘पदपथ दिला तरी लोक वापरत नाहीत.’

रस्त्यावरून चालणे म्हणजे काय, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात वाचायला मिळते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. दिवसाला नव्वद. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या आघाताची शक्ती चौपट होते, हे पदार्थविज्ञान शाळेत शिकवले जाते. पण ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या गाडीखाली वाचू शकणारा माणूस ६० च्या गाडीखाली वाचत नाही, हा त्याचा रस्त्यावरचा अर्थ रस्ता रुंद करताना कोणाच्या ध्यानी नसतो. सरळ, रुंद, गुळगुळीत सिमेंट रस्ता चालकाला वेग वाढवण्याचे आमंत्रणच देतो. पाटीवर लिहिलेली मर्यादा त्यापुढे टिकत नाही. चौकाचे कोपरे गोलाईने कापले की गाडी वेग न मोडता वळते, आणि ज्या क्षणी ती वळते नेमक्या त्याच क्षणी चालणारा रस्ता ओलांडत असतो. उड्डाणपुलांचे असेच. अकोल्यात २०२२ साली मुख्य रस्त्यावरील उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. अमरावतीतही पूल आहेत. वाहनांना त्यांचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पुलाखालून आडवे जाणाऱ्या माणसाची सोय कशी होणार, हा प्रश्न अशा योजनांत प्रारंभी विचारला जात नाही, तो शेवटी कुंपणाच्या जाळीने मिटवला जातो.

वऱ्हाडात याखेरीज एक गोष्ट अशी आहे, की जी पुण्यातल्या वा मुंबईतल्या नियोजनकारांना सहसा सुचत नाही: सावली. २०२४च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावून कामगारांना पाणी व निवारा देण्याचे आणि शिकवणी वर्ग भर दुपारी न भरवण्याचे आदेश काढले. आदेश योग्यच होते. मात्र जमावबंदीच्या कलमाने सावली निर्माण करता येत नाही. ती कडुनिंबाने होते, आणि कडुनिंबाला वीस वर्षे लागतात. रस्ता रुंद करताना कडेची झाडे जातात, त्यांच्या जागी येणारे सिमेंट दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री उशिरापर्यंत ती परत करीत बसते. भरपाई म्हणून दुभाजकात कण्हेर आणि शोभेची झुडपे लावली जातात. दुभाजकातून कोणी चालत नाही; झुडपाची सावली दुभाजकावरच पडते. झाड पदपथाच्या कडेला हवे, एवढी साधी गोष्ट निविदेच्या कागदात बसत नाही. आणि मार्च ते जून हे चार महिने ज्या गावात चालणे शिक्षा वाटते, त्या गावात चालण्याची सवय उरलेल्या आठ महिन्यांत रुजत नाही.

अतिक्रमणाचा विषय निघाला की सगळे बोट हातगाडीवाल्याकडे जाते. तेव्हा जागेचाही हिशेब करावा. उभ्या मोटारीला साधारण १२ चौरस मीटर जागा लागते. केळ्यांची हातगाडी दोन-अडीच चौरस मीटरांत मावते आणि तिच्यावर एक कुटुंब जगते. महापालिकेचे पथक येते, हातगाडी उचलून नेते. मागे उभी असलेली मोटार तिथेच असते, आणि तिने त्या सार्वजनिक जमिनीचे भाडे म्हणून एक पैसाही दिलेला नसतो. ज्या बाजारपेठेत दुकानाच्या चौरस फुटाला भाव सोन्यासारखा आहे, तिथे तीच जमीन वाहनधारकाला दिवसभर फुकट देणे याला अर्थशास्त्रात अनुदान म्हणतात. ते कोणी मागितलेले नाही, कोणी मंजूर केलेले नाही, अंदाजपत्रकात त्याची नोंद नाही, आणि ते बहुतांशी सुस्थितांना मिळते. पथविक्रेत्यांसाठी २०१४चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीने विक्रीच्या जागा आखून द्यायच्या आहेत. ते नीट झाले तर पदपथ आणि विक्रेता दोघेही नांदू शकतात. किंबहुना, संध्याकाळी दिवा लावून बसलेली भाजीवाली असते म्हणूनच एकट्या मुलीला त्या रस्त्याने चालावेसे वाटते, हे पोलिसांनाही ठाऊक आहे.

चालतो कोण, हा प्रश्न शेवटी कळीचा ठरतो. २०११च्या जनगणनेने शेती व घरगुती उद्योग वगळता उरलेले कामकरी कामाच्या ठिकाणी कसे जातात याची मोजणी प्रथमच केली. असे सुमारे २० कोटी लोक होते. त्यांतले कामासाठी प्रवास करणारे जे सुमारे १४ कोटी, त्यांपैकी साडेचार कोटी पायी जात होते आणि २ कोटी ६० लाख सायकलने. मोटारीने, जीपने जाणारे साधारण ५५ लाख. रस्त्याची आखणी या ५५ लाखांना समोर ठेवून होते आणि साडेचार कोटी उरलेल्या कडेने जातात. धुणीभांडी करायला पाच घरे फिरणारी बाई, विद्यापीठाच्या बसथांब्यापासून वसतिगृहापर्यंत जाणारी खेड्यातली विद्यार्थिनी, निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत निघालेले मास्तर: यांची कोणतीही संघटना नाही. वाहनमालकांची आहे, ऑटोचालकांची आहे, व्यापाऱ्यांची आहे. घरातल्या एकमेव दुचाकीवर पुरुषाचा पहिला हक्क असतो, त्यामुळे रस्ता चालण्याजोगा नसला की बाईचे घराबाहेर पडणेच घटते. शेकडा ५७ या आकड्यामागे स्वयंपाकघर आहे तसा रस्ताही आहे.

अमरावतीला तर याची बोच अधिक वाटावी. १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या गावाचे नाव देशभर केले, १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. शरीर कमावणे ही येथे परंपरा आहे. परंतु व्यायाम आणि दिनक्रम यांची आता फारकत झाली आहे. पहाटे गाडी काढून मैदानावर किंवा तळ्याकाठी जायचे, तिथे गोल गोल पाच फेऱ्या मारायच्या आणि गाडीने परत यायचे. मग तीच गाडी घेऊन कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला जायचे. ज्याच्याकडे गाडी आहे आणि पहाटेचा तास मोकळा आहे त्याला हे जमते. ज्या गृहिणीची पहाट डब्यात जाते, तिने काय करावे? मैदाने, बगिचे, उघड्यावरची व्यायामयंत्रे ही सगळी हवीतच. पण ती रस्त्याला पर्याय होत नाहीत.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. जुन्या शहरातले रस्ते अरुंद आहेत, हा एक. पुण्याचा लक्ष्मी रस्ता काही रुंद नाही, तरी २०२१ पासून ११ डिसेंबरला पुणे महापालिका त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळते. एक दिवसाचा उत्सव म्हणून त्याची थट्टा करता येईल, पण एका दिवसात कोणी दुकानदार बुडालेला नाही. त्याच पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करून झाडांखाली बसायला जागा केली गेली, आणि २०१६ साली महापालिकेने पादचारी धोरणही स्वीकारले. बाकीचे पुणे चालण्याला सुखाचे झाले आहे असे कोणी म्हणणार नाही; परंतु एक रस्ता होऊ शकतो इतके सिद्ध झाले. अमरावतीतही नवरात्रात देवीच्या वाटेवरची वाहने अडवली जातात, आणि तेव्हा तिथला व्यापार घटत नाही, उलट वाढतो. दुसरा आक्षेप पैशाचा. अमरावती आणि अकोला स्मार्ट शहरांच्या शंभराच्या यादीत नाहीत, यात पदपथाचे काही अडलेले नाही. त्याला संगणकीय नियंत्रण कक्ष लागत नाही. सिमेंट रस्त्याच्या खर्चाच्या मानाने पदपथाचा खर्च किरकोळ असतो. फक्त तो रस्त्याबरोबर धरला तर. नंतर जोडायचा म्हटला तर नाली फोडावी लागते, वाहिन्या हलवाव्या लागतात, आणि मग तो महाग होतो.

कायद्याची उणीव नाही. १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने सार्वजनिक रस्ते बांधणे, राखणे आणि त्यांवरचे अडथळे दूर करणे ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरवली आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९८-अ अन्वये रस्त्याच्या सदोष आखणीमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर निर्वेध पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून राज्यांना पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक नियम करण्यास फर्मावले. २०२२ साली मुदत संपल्यानंतर पुढची काही वर्षे दोन्ही महापालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता, तेव्हा नगरसेवकांना दोष देण्याची सोय नव्हती. पण त्या काळातही रस्त्यांचा छेद बदलला नाही, याचा अर्थ अडचण निव्वळ राजकारणाची नाही. ती अभियंत्याच्या टेबलावरच्या नमुना आराखड्यात आहे. त्या आराखड्यात आधी वाहनमार्गाची रुंदी लिहिली जाते, मग दुभाजक, मग नाली, आणि जे काही उरेल त्याला पदपथ म्हटले जाते. मोजणी दुसऱ्या टोकापासून करता येते: दोन्ही कडांचे १.८ मीटर आणि झाडांची ओळ प्रथम, नंतर बाकीचे. महापालिकेच्या पुढच्या सिमेंट रस्त्याचे प्राक्कलन मंजुरीला येईल, तेव्हा त्याचा पहिला रकाना कोणाचा आहे हे वाचून पाहायला कोणत्याही नागरिकाला माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आणि दहा रुपये पुरतात.